कोऱ्या सगूचा रंग

एक गाव होतं. गाव कसलं, रंगांची पेटीच ती. नाव कुसुंबवाडी. घराघरांत रंगारी, अंगणाअंगणांत रंगाची घंगाळी, आणि नदीकाठच्या दोऱ्यांवर लाल, निळी, हळदुली लुगडी भुरुभुरु उडायची. तिथली कोंबडीसुद्धा कुठल्या ना कुठल्या घंगाळात पडून जांभळी होऊन यायची, आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

त्या गावाची एक रीत होती. अश्विनात रंगजत्रा भरायची. बारा वर्षांच्या प्रत्येक मुलानं आपला स्वतःचा एक नवा रंग बनवायचा, त्यात पांढरा रुमाल भिजवायचा आणि जत्रेच्या सकाळी, कोवळ्या उन्हात, देवळापुढच्या दोरीवर टांगायचा. गाव त्या रंगाला नाव द्यायचं आणि ते नाव मुलाला जन्मभर चिकटायचं. पोपटी गणू, मोतिया अंबू, मोरपिशी केरबा. बाराव्या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी यावं. मात्र पन्नाशी गाठली की दोरीवर जागा नाही.

त्या गावात एक छोटीशी सगुणा होती. सगळे तिला सगू म्हणत. तिला वडील नव्हते. आई लोकांची रंगवलेली कापडं नदीवर खळबळून द्यायची आणि सगू इवल्याइवल्या हातांनी तिला मदत करायची. रंग विकत घ्यायला घरात काही नसायचं. म्हणून सगू शेजाऱ्यांच्या घंगाळातलं उरलेलं फिकं पाणी मागून आणायची आणि त्यात आपला रुमाल बुडवायची. बाराव्या वर्षी जत्रेच्या पहाटे तिनं तो बाहेर काढला, तर रुमाल दिसत होता चुलीपुढच्या पोतेऱ्यासारखा.

तरी तिनं तो दोरीवर टांगला. भागामावशी गावातली मोठी रंगारीण, तिचा कुसुंबी लाल रंग पाहायला लोक दुरून येत. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं पोरी, हा रंग म्हणायचा का डाग? कोरीच राहिलीस की तू." सगळे हसले. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं कोरी सगू.

सगू नदीकाठी पळाली. तिथं गुलबक्षीचं एक झुडूप शेळीनं तुडवलं होतं आणि त्याच्या फांद्या मातीत लोळत होत्या. सगूचे डोळे अजून ओले होते. तरी तिनं फांद्या उचलून काटक्यांचा आधार दिला आणि आपल्या तांब्यातलं प्यायचं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं. मग तिथंच गुडघ्यांत डोकं घालून बसली.

दुपार कलली, चार वाजले. आणि एकेक कळी हळूच उलगडली. एक गुलाबी, एक पिवळी, एक गुलाबीवर पिवळ्या शिंतोड्यांची. त्या शिंतोड्यांच्या फुलातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. तिचा एक पंख गुलाबी, एक पिवळा, आणि नाकावर केशरी ठिपके. तिनं मोठ्ठी जांभई दिली.

"किती वाजले गं?" परीनं विचारलं.

"चार," सगू म्हणाली.

"मग बरोबर उठले. सकाळच्या पऱ्या केव्हाच दमून झोपल्यात. माझं झाड तू उभं केलंस ना? माग काय हवं ते."

सगूला विचार करावा लागलाच नाही. "मला माझा स्वतःचा रंग हवा."

"मिळेल. पण नीट ऐक, यात अटी आहेत." परीनं तिच्या तळहातावर मिऱ्याएवढं काळंभोर बी ठेवलं. "मी चारनंतरची परी. माझ्याकडे मागितलेलं चारनंतरच मिळतं. कुठल्या दिवशी, ते मलाही ठाऊक नाही. थांबवत नसेल तर हे बी दगडानं फोड, रंग लगेच येईल. पण तो दिवस मावळला की उडून जाईल, आणि पुन्हा कधी येणार नाही."

सगूनं बी चिंधीच्या पुरचुंडीत बांधून गळ्यात घातलं. आणि ती थांबली. बाळांनो, थांबली म्हणजे हातावर हात ठेवून बसली असं समजू नका. तिनं डाळिंबाच्या साली उकळल्या, पळसाची फुलं वाळवली, कांद्याची टरफलं जमवली. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर रंग पक्का बसतो, हे ती लोकांची लुगडी खळबळताना शिकली. दर जत्रेच्या पहाटे ती रुमाल घाईघाईनं रंगात बुडवून काढायची, आणि दर वर्षी तो मातकटच निघायचा.

आई गेली. बरोबरीच्या मुली सासरी गेल्या, त्यांच्या मुलींचे रुमालही दोरीवर चढले. कुणी नदीवर भेटलं की विचारायचं, "काय सगू, अजून नाही?" भागामावशी तर रोज विचारायची. ते दोन शब्द ऐकले की सगू मान खाली घालून कापड आणखी जोरानं खळबळायची. पण कुणाचं लुगडं वाहून चाललं की तीच पहिली पाण्यात उडी घ्यायची.

असं करता करता सगू एकोणपन्नास वर्षांची झाली. ही तिची शेवटची जत्रा. पहाटे तिनं घंगाळात पाहिलं. रुमाल मातकट. तिनं गळ्यातलं बी काढून पाट्यावर ठेवलं आणि हातात वरवंटा घेतला. एका दिवसाचा का होईना, रंग मिळेल, दोरीवर जागा मिळेल आणि कोरी हे नाव पुसलं जाईल. बस, एक घाव घालायचा.

तेवढ्यात दारात भागामावशी आली, काठी टेकत, चाचपडत. ती आता फार म्हातारी झाली होती. "सगू, आहेस का गं? नातीच्या लग्नाचं लुगडं रंगवलंय. आत्ता वाहत्या पाण्यात खळबळलं नाही तर डाग पडतील. आणि मला दोन वर्षं झाली, हातातला तांब्यासुद्धा धड दिसंना. सगळी जत्रंला गेलीत. कुणाला सांगू?"

सगूनं वरवंट्याकडे पाहिलं, मावशीच्या चाचपडत्या काठीकडे पाहिलं. खरं सांगते, तिला रागही आला. मग तिनं बी पुन्हा गळ्यात बांधलं आणि म्हणाली, "चला मावशी. सावकाश, इथं पायरी आहे."

नऊवारी लुगडं ते. खळबळता खळबळता ऊन डोक्यावर आलं. देवळातले ढोल वाजायचे थांबले, म्हणजे रुमाल टांगून झाले होते. सगू थोडी रडली. मग तिला नवल वाटलं, कारण तिला चक्क मोकळं वाटत होतं. आता कुणी "अजून नाही?" म्हणून विचारणार नव्हतं.

मावशीच्या घंगाळात कुसुंब्याचं फिकं पाणी उरलं होतं. ते फेकवेना. सगूनं हिरड्यात भिजवलेला एक रुमाल सवयीनं त्यात टाकला. कशासाठी? कशासाठीच नाही, तिला रंगवायला आवडायचं म्हणून. मग मावशीला भाकरी वाढली, लुगडं वाळत घातलं, आणि रुमाल साफ विसरून गेली. फिक्या रंगाला मुरायला वेळ लागतो, आणि इतकी वर्षं जत्रेच्या घाईनं ती त्याला पहाटेच बाहेर ओढत होती.

चार वाजले. सगूनं रुमाल पिळून झटकला, आणि बघतच राहिली. काठाशी गुलाबी, मध्ये केशर, घडीत तांब्याची झाक, आणि वाऱ्यानं हलला की सगळंच झगमग. असा रंग कुसुंबवाडीनं कधी पाहिला नव्हता.

मावशीला हात धरून तिच्या माणसांपाशी सोडायला ती देवळाशी आली, तेव्हा मोरपिशी केरबा, आता गावचा पाटील, दोरी सोडत होता. "उशीर केलास, सगू," तो हळहळून म्हणाला. "सकाळीच संपली गं टांगायची वेळ."

मावशीनं एकदम मान वर केली. "सगूच्या हातात काय आहे रे? मला दिसतंय. केरबा, मला रंग दिसतोय." आणि ती रडायला लागली.

केरबानं वळून पाहिलं. त्यानं सोडलेली गाठ पुन्हा बांधली आणि दोरी वर ओढली. रुमाल टांगला, तसे घरी निघालेले लोक परत फिरले. "नाव काय द्यायचं?" त्यानं मावशीला विचारलं.

"तिचं तिला ठरवू दे. मी एकदा नाव ठेवलं, ते चुकलं."

सगूनं क्षणभर विचार केला. "निवांती म्हणा," ती म्हणाली.

तेव्हा तिच्या गळ्यातली पुरचुंडी उबदार झाली. बी आपोआप उमललं आणि केशरी ठिपक्यांची परी दोरीवर जाऊन बसली. फक्त सगूलाच ती दिसली. "थकलीस का गं?" परीनं विचारलं.

"थकले होते," सगू हसून म्हणाली.

परीनं जांभई दिली, एक गुलाबी, एक पिवळा पंख पसरला आणि कलत्या उन्हाच्या सोनेरी उजेडात विरघळून गेली.

तेव्हापासून कुसुंबवाडीची दोरी वर्षभर तशीच बांधलेली असते. ज्याचा रंग ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्यानं टांगावा, मग तो बाराचा असो की बहात्तरचा. नदीवर आता बायका विचारतात, "आज काय उकळलंयस?" आणि निवांती सगू घंगाळावर झाकण ठेवून भाकरी खायला बसते.

झाली बरं गोष्ट. छान मुरलीय, आता तिला दोरीवर वाळत घालूया.