भर बाजारातला पडदा

एकदा एक भलतीच म्हातारी गाडी एका मिस्त्रींच्या वर्कशॉपात आली. पन्नास वर्षांपूर्वीची, गोल तोंडाची व्हॅन. आत निजायला फळी, भांड्यांना कपाट, कोपऱ्यात इवलीशी शेगडी. चाकांवरचे घरच म्हणा ना! मालकीण इंगवलेबाई. तीस वर्षे एस.टी. स्टँडवरच्या माइकवरून त्यांनी लोकांना गाड्या सांगितल्या, स्वतः मात्र तालुक्याबाहेर फारशा गेल्या नाहीत. निवृत्त झाल्या, गाडी चालवायला शिकल्या आणि एकटीने मुलूख बघायला सज्ज झाल्या. मुलाने कपाळावर हात मारला. "आई, रस्त्याकडेला निजणार तू? येणारा-जाणारा आत डोकावेल!" बाई म्हणाल्या, "पडदे लावीन की!" बोलून गेल्या खऱ्या, पण धास्ती त्यांच्याही मनात होतीच. पडदे नीट झाले नाहीत तर जाणे रद्द, असे त्यांनी मुलाला कबूल केले होते. निघायचा दिवस उद्याचा.

मिस्त्रींचे नाव बाबालाल. ट्रक आणि बसच्या बॉड्या बांधण्यात त्यांची हयात गेलेली. सारे गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांचा शिष्य सुकुमार पुण्याला बंगल्यांतून पडद्यांच्या पट्ट्या बसवून आलेला. हात तरबेज, आणि ते त्याचे त्याला जरा जास्तच ठाऊक! "चाचा, हे काम माझ्यावर सोडा. तुम्ही नुसतं बघा," तो म्हणाला. चाचांनी खरोखरच सोडले.

आणि काय काम केले हो गड्याने! त्या जुन्या गाडीत सरळ अशी रेष नव्हतीच. छत बाकदार, भिंती वर आत कललेल्या, खिडक्यांचे कोपरे गोल. सुकुमारने ॲल्युमिनियमची पट्टी गुडघ्यावर दाबत दाबत खिडकीच्या वरच्या कडेचा बाक तिला तंतोतंत दिला. लांबी खिडकीएवढी, ना सूतभर अधिक, ना सूतभर उणी. निळे पडदे अडकवून बोट लावले, की सुर्रकन सरकत. सकाळी दहाला काम संपले तेव्हा त्याला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या.

चाचांनी पट्टीवरून बोट फिरवले. "झकास," म्हणाले. मग किल्ली घेतली, सुकुमारला शेजारी बसवले आणि गाडी थेट आठवड्याच्या बाजारात नेऊन भाजीवाल्यांच्या मधोमध उभी केली. सुकुमारची छाती फुगली. त्याला वाटले, चाचा आता आपले काम चारचौघांना दाखवणार!

चाचा म्हणाले, "मागं जा. पडदे ओढ. अन् अंगातला सदरा काढून उलटा करून घाल."

"इथं?"

"इथंच."

गुरूची आज्ञा! सुकुमार मागे गेला, पडदे ओढले, सदरा डोक्यावरून काढला मात्र, बाहेरून आवाज आला, "अगं बया, आत माणूस हाय!"

टोमॅटो विकणारी अनसूयामावशी काचेला नाक लावून उभी होती. पडद्याच्या कडेला दोन बोटे फट राहिली होती. सुकुमारने पडदा तिकडे खेचला, तर दुसरीकडची फट चार बोटे झाली. तिथे लसूणवाला हजर! "पैलवान, बनियनला भोक हाय की वं!" भिंत कललेली असल्याने पडद्याचे खालचे टोक काचेपासून लोंबते राहिले होते, तेवढ्यात चाचांच्या बाजूच्या उघड्या खिडकीतून आलेल्या वाऱ्याने ते अलगद उचलले. मग काय विचारता! अर्धा बाजार जमला. "वाईच सरक की, दिसंना!" अशी मागची माणसे पुढच्यांना ढोसू लागली. सुकुमार फळीखाली अंग चोरून बसला आणि कसाबसा सदरा अंगात कोंबून बाहेर आला. कान लालबुंद झाले होते.

"चाचा, माझी अब्रू काढायला आणलंत होय इथं?"

"निघाली का? बरं झालं," चाचा शांतपणे म्हणाले. "तू गडी माणूस. तासाभरानं विसरशील. उद्या आत इंगवलेबाई असत्या तर?"

सुकुमार सदऱ्याची उलटी राहिलेली बाही सरळ करू लागला.

"मर्दा, तू खिडकी मोजलीस. सुतासुतानं मोजलीस, त्यात खोट नाही. पण खिडकीला लाज असते का? लाज आतल्या माणसाला. तुझ्या त्या बंगल्यांत पडद्याच्या पलीकडं कुंपण असतं, फाटक असतं, भुंकायला कुत्रं असतं. तिथं पडदा शोभेचा. हिथं दुसरं काहीच नाही. हीच भिंत, हीच दाराची कडी. माप काचेचं घेऊ नकोस, लेका. आत जे माणूस निजणार आहे, त्याच्या भीतीचं घे."

सुकुमारने वळून त्या निळ्या पडद्यांकडे पाहिले. मग एकदम म्हणाला, "चाचा, किल्ली द्या! अजून दिवस आहे!"

वर्कशॉपात परतल्यावर त्याच्या अंगात वारे संचारले. सकाळी मोठ्या अभिमानाने बसवलेल्या पट्ट्या त्याने स्वतःच उतरवल्या. नव्या पट्ट्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे नेल्या. खालच्या कडेलाही एकेक पट्टी मारली, म्हणजे पडदा वर-खाली दोन्हीकडे धरलेला. मधे दोन पडदे एकमेकांवर चांगले चढावेत एवढे कापड वाढवून घेतले. या वेळी टेप कमी आणि तो स्वतः जास्त वापरला जात होता: फळीवर निजून बघ, बसून बघ, वाकून बघ. "चाचा, बाहेरून डोकवा! आता? आता?" चाचा गाडीभोवती फिरून दमले. चार वाजता सुकुमारच ओरडला, "चला परत बाजारात!"

बाजारात इंगवलेबाई प्रवासासाठी कांदे-बटाटे घेत होत्या. सुकुमारने त्यांना हाक मारली. "बाई, जरा आत बसून पाहता? मनाला पटलं नाही तर स्पष्ट सांगा."

बाई पिशव्या घेऊन आत गेल्या. पडदे सुर्रकन ओढले गेले. अनसूयामावशीने धावत येऊन काचेला डोळा लावला, गाडीला फेरी मारली, वाकून पाहिले, टाचा उंचावून पाहिले. "काय बी दिसंना!" तिने जाहीर केले, आणि सुकुमारला तिचा मुका घ्यावासा वाटला.

पण बाई बाहेर येईनात. पाच मिनिटे झाली, दहा झाली. आतून चूं की चां नाही. सुकुमार दारापाशी येरझाऱ्या घालू लागला. पसंत पडले नसेल का? बाई रडत तर नसतील? अखेर न राहवून त्याने दारावर टकटक करायला हात उचलला. चाचांनी तो वरच्या वर धरला आणि "ऐक" अशी खूण केली.

पडद्यापलीकडून घोरण्याचा मंद, संथ आवाज येत होता.

सुकुमारचे डोळे भरून आले. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेजारी लसूणवाला नेहमीप्रमाणे बेंबीच्या देठापासून ओरडू लागला, तशी अनसूयामावशी त्याच्या अंगावर धावून गेली.

"मुडद्या, हळू वरड की! बाई निजल्यात."