झुंबरशेठांचा साचा

सांगा मंडळी, भरवसा कुणावर ठेवावा? हुशार माणसावर, की सांगितलं तेवढंच करणाऱ्यावर? झुंबरशेठांनी दुसऱ्यावर ठेवला. आम्हा दुकानदारांना हुशार नोकर परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर झेपतही नाही.

तर बोरदरी गावात एक भोळा गडी होता, यादोबा. तो झुंबरशेठांकडे कामाला. शेठ गावाला इंटरनेट पुरवत. खांबाखांबावर पेट्या, पेट्यांना तारा. तालुक्यातल्या शाळांचं कंत्राट निघालं होतं. तपासणीला साहेब येणार होते आणि त्यांना प्रत्येक पेटीचा कागद हवा होता. कंत्राट हुकलं, तर शेठांना धंदा गुंडाळावा लागणार होता.

कंपनीने व्याख्यांची फाइल दिली होती. पेटीला काय काय विचारता येतं आणि त्या प्रत्येकाचा अर्थ काय, एवढंच तीत. शेठ कुठे शिकायला गेले नव्हते, पण अडलेही नव्हते. त्यांनी कॉम्प्युटरवर एक साचा केला. नाव, जागा, स्थिती, आणि पुढे मोकळी जागा. यादोबाला म्हणाले, "फाइलीतलं उचल, साच्यात भर. स्वतःचं डोकं चालवू नको."

यादोबाने डोकं चालवलं नाही. संध्याकाळी गठ्ठा तयार. सगळ्या कागदांवर एकच मजकूर. नाव: पेटीला दिलेले नाव. जागा: पेटी जिथे ठेवली आहे ती जागा. स्थिती: पेटी चालू आहे की बंद, ते.

"अरे, हा अर्थ झाला," शेठ म्हणाले. "उत्तर कुठाय? ते पेटीला विचारायचं असतं."

दुसऱ्या दिवशी यादोबा खांबाखाली उभा राहून पेटीला विचारत होता. अगदी अदबीने, अहो-जाहो करून. पेटी बोलेना. लोक जमले. एका म्हातारीला वाटलं काही नवसाचं असेल. तिने खांबाशी नारळ ठेवला.

शेठांनी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरवरून पेटीला कसं विचारायचं ते दाखवलं. पुन्हा घोळ नको म्हणून साच्यातच नियम लिहून टाकले. जे उत्तर देत नाही, ते बंद. बंद असेल तर जागेवरून काढून परत बसवावं. तरी गप्प, तर निकामी. मग जवळचं, विचारल्याबरोबर उत्तर देणारं असेल ते बदली म्हणून लावावं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना कळवावं.

"हे कुणाकुणाला लावायचं?" यादोबाने विचारलं.

"सगळ्यांना एकच साचा. आणि आता साहेब येईपर्यंत मी तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही."

या वेळी कागद बरोबर निघाले. शेठांनी चोरून पाहिले, मनात हरखले, पण बोलले नाहीत. तेवढ्यात यादोबा गादीसमोर आला.

"शेठ, नाव?"

शेठ गप्प.

"जागा?"

गप्प. यादोबाने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना गादीवरून उतरवलं, परत बसवलं, टोपी सरळ केली आणि पुन्हा विचारलं. शेठ लालबुंद झाले, पण दिलेला शब्द मोडला नाही. गडबड ऐकून शेठाणी बाहेर आल्या.

"काकू, नाव?"

"रंभाबाई. का रे, काय झालं?"

यादोबाने समाधानाने बटण दाबलं.

साहेब आले तेव्हा दुकानासमोर माणसं हार घेऊन उभी होती. बायका रंभाबाईंच्या गळ्यात पडून रडत होत्या. गावातल्या फोनाफोनावर निरोप पोचला होता. नाव: झुंबरशेठ. जागा: गादी. स्थिती: निकामी. बदली: रंभाबाई.

"अरे, मी धडधाकट आहे!" साहेबांना पाहताच शेठ ओरडले.

यादोबाने साहेबांपुढे हात जोडले. "आत्ता बोलतात बघा. सगळं छापून झाल्यावर."

साहेबांनी गठ्ठा चाळला. खांबावर माणूस पाठवून पेट्या ताडून पाहिल्या. एकही चूक नाही. कंत्राट मंजूर झालं. सही कुणाची, असं विचारल्यावर यादोबाने शेवटचा कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला आणि पेन रंभाबाईंच्या हातात दिलं.

शेठ काही बोलणार, तोच रंभाबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा हो. तुम्ही निकामी आहात."

आता गादीवर रंभाबाई असतात आणि शेठ पायरीवर. यादोबा रोज सकाळी येऊन विचारतो, "शेठ, नाव?" आणि शेठ घाईघाईने सांगतात.

तेव्हा मंडळी, आपापला हिशेब खरा ठेवा. आणि कुणी नाव विचारलं, तर रुसून बसू नका.