पोच्याची बाजू

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्यावर आपला सगळा संसार खोक्यांत भरण्याची वेळ आली. दिगंबरशेठ त्यांचे नाव. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत त्यांचे तांब्यापितळेचे दुकान होते. पत्नी काही वर्षांपूर्वी निवर्तली, मग दुकान पुतण्याकडे गेले, राहते घर विकले गेले आणि नाशिकला मुलाकडे कायमचे राहायला जायचे ठरले.

'कायमचे' हा शब्द बोलायला सोपा, पण शेठजी तो उच्चारायला कचरत. कारण आदल्या वर्षी ते नाशिकला राहायला गेले होते आणि मुक्काम अर्ध्यावर टाकून, पिशवी काखोटीला मारून परत आले होते. आल्यावर गावभर सांगत सुटले की सुनेच्या हाताला मीठ जास्त, लिफ्टच्या आवाजाने डोळ्याला डोळा लागत नाही आणि तिथल्या फरशीने गुडघे धरले. हे सगळे फिरत फिरत नाशिकला गेलेच. मुलगा फोनवर जेवढ्यास तेवढे बोलू लागला. सून फोनवर येईनाशी झाली. पण तेव्हा परतायला घर तरी होते. या वेळी बिनसले तर जायचे कुठे, हा प्रश्न म्हाताऱ्याला छळत असे.

त्याच गावात देवळाच्या ओट्यावर संध्याकाळी एक वृद्ध बसत. उमेदीची वर्षे त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केली होती. निवृत्तीनंतर जमलेल्या मंडळींना ते चार गोष्टी समजावून सांगत. सारे त्यांना अण्णा म्हणत. दिगंबरशेठ त्यांचे जुने शिष्य. म्हणजे रोज श्रद्धेने ऐकायचे आणि आचरणाचे उद्या बघू म्हणायचे, अशा मोठ्या संप्रदायातले.

एका संध्याकाळी शेठजी कागदांची चळत घेऊन ओट्यावर आले.

"अण्णा, सामान हलवणाऱ्या कंपनीनं हे पाठवलंय. अक्षर मुंगीएवढं, आणि जिथं तिथं सही मागतात. जरा बघता का?"

अण्णांनी चष्मा पुसला आणि प्रत्येक कागद सावकाश वाचला. "हे दराचं कोटेशन. यात चढवणं, उतरवणं, जिने, सगळं धरलंय का ते विचारून घे. तोंडी सांगितलं तर म्हणावं, इथंच लिहून द्या. ही बिल्टी. माल कुणाचा, कुठून कुठं, कोणत्या गाडीतून, हे हिच्यावर. हिची प्रत तुझ्या खिशात राहू दे. आणि इथं बारीक अक्षरात लिहिलंय, 'माल मालकाच्या जोखमीवर'. म्हणजे वाटेत काही झालं तर हे हात वर करणार. म्हणून विमा घे. वस्तूची खरी किंमत लिही, फुगवू नको. दागिने आणि घरविक्रीचे मूळ कागद मात्र त्यांच्या खोक्यात घालू नकोस, आपल्या पिशवीत ठेव."

"आणि हा कागद?"

"ही सामानाची यादी. ही रिकामी असताना सही करायची नाही, कितीही घाई केली तरी." अण्णांचे बोट शेवटच्या रकान्यावर थांबले. त्यावर लिहिले होते, 'मालाची सध्याची स्थिती'.

"तो रकाना मात्र मोकळाच ठेवणार," शेठजी डोळे बारीक करून म्हणाले. "तिकडे काही फुटलेलं निघालं की सरळ भरपाई मागता येते. उगाच आपणच आपले दोष कशाला सांगायचे?"

अण्णांनी कागदांची घडी करून परत दिली. "सामान भरतील त्या दिवशी मी येतो," एवढेच म्हणाले.

ठरलेल्या दिवशी सकाळी ट्रक दारात लागला. कंपनीचा सुपरवायझर जावेद आपली माणसे, पुठ्ठे, गोणपाट आणि चिकटपट्टीची भेंडोळी घेऊन आत आला. पाठोपाठ अण्णा आले आणि ओसरीत खुर्ची टाकून बसले. शेठजींना हायसे वाटले. म्हटले, आता कंपनीवाल्यांवर नीट वचक राहील.

पहिले कपाट बाहेर आले तसे अण्णा म्हणाले, "जावेदभाई, थांबा. आरशाचा खालचा कोपरा उडालाय. लिहा."

जावेदने लिहिले. झोपाळा आला. "फळीला चीर आहे, कडीजवळ. लिहा." शिलाई मशीन आले. "पायपट्टा तुटलेला. लिहा." देव्हाऱ्याचे दार, खुर्चीचा पाय, पाट्याचा टवका, अण्णांची काठी एकेका वस्तूवर टेकत होती आणि तो रकाना भरत चालला होता.

शेठजींच्या कपाळावरची शीर तटतटू लागली. शेवटी भिंतीशी ठेवलेले तांब्याचे मोठे घंगाळ आले. लखलखीत घासलेले, कुठे डाग नाही. जावेद 'स्थिती उत्तम' असे लिहिणार, तोच अण्णा उठले, त्यांनी दोन्ही हातांनी घंगाळ फिरवले आणि मागची बाजू पुढे आली. तिथे तळहाताएवढा पोचा होता.

भांड्यांचा धंदा करणाऱ्यांना ही खुबी सांगावी लागत नाही. दुकानात पोचा आलेले भांडे मांडताना ती बाजू भिंतीकडे करायची. गिऱ्हाईक समोरून बघते आणि खूश होते. शेठजींचा हात आयुष्यभर हेच करत आला होता. घरातले घंगाळ ठेवतानाही तो आपोआप तसाच फिरे.

"अण्णा!" शेठजींचा आवाज चढला. "तुम्ही माझ्या बाजूचे की कंपनीच्या?"

जावेदही पेन हातात धरून गोंधळला होता. "बाबा, इतकं कुणी लिहून देत नाही हो. लोक उलट जुनं तुटलेलं आमच्या माथी मारतात. मग आमच्या पगारातून कापतात. आम्ही तरी काय सिद्ध करणार?"

"म्हणूनच लिहा," अण्णा शांतपणे म्हणाले.

दुपारपर्यंत घर रिकामे झाले. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन तेवढे उरले. जावेदने यादीवर नजर फिरवली आणि विचारले, "सगळं आलं ना? काही राहिलं का?"

"एक नग राहिलाय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी काठी दिगंबरशेठांकडे केली.

जावेद हसला आणि ट्रकचे दोर आवळायला बाहेर गेला. शेठजींना हसू आले नाही. रिकाम्या ओसरीत ते जमिनीवरच बसले. अण्णाही काठी टेकत त्यांच्याशेजारी बसले.

"दिगंबर, तुझी झोप कधी गेली?"

शेठजी फरशीकडे बघत म्हणाले, "ही गेली, त्या वर्षापासून."

"मग लिफ्टचं काय सांगत होतास? आणि गुडघे?"

"ते जुनं दुखणं. दुकानाच्या पायऱ्या, दुसरं काय."

"आणि मीठ?"

या प्रश्नाला शेठजींचे डोळे भरून आले. "खरं सांगू अण्णा? हिच्या हातचं जेवण संपलं आणि माझी चवच गेली. पुतण्याकडे जेवलो तरी खारट लागतं. खाणावळीत जेवलो तरी खारटच लागतं. पण रडायचं कुणापाशी? मग ताटावर राग निघतो."

अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मालधक्क्यावर मी हेच बघत आलो. पेटी निघताना कुणी उघडून बघत नसे. उतरवताना ती फुटलेली दिसली की शेवटी हात लावणाऱ्या हमालाची मानगूट धरायचे. तडा कुठं गेला होता हे कुणी विचारत नसे. माणसांचंही तसंच होतं बाबा. तू इथून जो निघालास तो आधीच जागोजाग पोचे आलेला. त्या पोरीनं फक्त तुला उतरवून घेतलं, आणि सगळी भरपाई तिच्याकडे मागून तू परत आलास. दुःख आहे त्याची लाज नाही. पण ते कुठलं आहे हे निघायच्या आधी लिहून ठेवावं. दुकानात तू पोचा भिंतीकडे फिरवलास, चाललं. घरात चालत नाही. घरातली माणसं भिंतीच्या बाजूनंही वावरतात."

बाहेर ट्रक सुरू झाला, तेव्हा शेठजींनी अण्णांच्या पायांना हात लावला आणि यादीची आपली प्रत घडी करून आतल्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी नाशिकला सामान उतरले. शेठजी आदल्या संध्याकाळीच एसटीने पोहोचले होते. सून केतकीने दार उघडून नमस्कार केला होता, चहा दिला होता, जेवायला वाढले होते; सगळे रीतसर, आणि त्या रीतसरपणाने शेठजी आणखीच अवघडले होते. बोलायचे ठरवून आले होते, पण जीभ उचलली गेली नाही. मुलगा निखिल दोघांच्या मध्ये बसून पंख्याचा वेग कमीजास्त करत राहिला.

जावेद पोचपावती पुढे करून म्हणाला, "शेठ, इथं सही."

"आधी बघतो, मग करतो," शेठजी म्हणाले आणि खोकी उघडायला लावली. आरशाचा कोपरा, झोपाळ्याची चीर, पायपट्टा, सारे यादीप्रमाणे होते. मात्र लोणच्याची एक चिनी मातीची बरणी दोन तुकडे होऊन निघाली. निखिलच्या कपाळाला आठ्या पडल्या; त्याला वाटले, आता बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार. पण जावेदने यादी बघितली. बरणीपुढे 'चांगली' असे त्याच्याच अक्षरात होते. त्याने मुकाट्याने पावतीवर 'वाटेत फुटली' असे लिहिले, खाली आपले नाव घातले आणि म्हणाला, "ही आमच्याकडून झाली, शेठ. विम्यात मिळेल तुम्हाला." आवाज चढला नाही की वाद झाला नाही. जुने जुन्याच्या जागी नोंदलेले होते, म्हणून नवे स्वच्छ दिसले.

ट्रक गेला. केतकी घंगाळावरचा गोणपाट सोडवत होती. "बाबा, हे कुठं ठेवायचं?"

"बैस जरा, बाळ," शेठजी म्हणाले. आतल्या खिशातली यादी त्यांनी बाहेर काढली, उघडली आणि पुन्हा मिटली. "यात एक नग लिहायचा राहिला. तोंडीच सांगतो. झोप तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हापासून नाही. गुडघे दुकानानं घालवलेत. आणि तोंडाला चव नाही, ती तर त्यांच्याबरोबरच गेली. मागच्या वर्षी हे सगळं मी तुझ्या नावावर लावलं आणि गावभर सांगितलं. चुकलो मी, पोरी. तुझ्या हातून यातलं काहीच बिघडलेलं नाही."

केतकीने पदराने नव्हे, हातातल्या गोणपाटानेच डोळे पुसले आणि तिचे तिलाच हसू आले.

"बाबा, माझंही एक लिहायचं राहिलंय. तुम्ही मागं आलात त्याच्या आदल्या आठवड्यात माझी नोकरी गेली होती. निखिलशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. घरी बसल्याची इतकी लाज वाटायची, की तुम्ही नुसतं 'आज सुट्टी का?' विचारलंत तरी वाटायचं, टोमणाच मारताहेत. मी धड बोलतच नव्हते तुमच्याशी. आता लागली आहे दुसरी, पण ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

"अगं, मला वाटलं मी आलेलं तुला आवडलं नाही."

"आणि मला वाटलं, तुम्हाला मीच आवडत नाही."

निखिलने इतका वेळ हातात धरलेला पंख्याचा रिमोट टेबलावर ठेवला.

घंगाळ बैठकीच्या खोलीत खिडकीखाली ठेवायचे ठरले. शेठजींनी ते सरकवत नेले, आणि सवयीने त्यांचे हात ते फिरवू लागले. पोचा भिंतीकडे गेला. मग ते थांबले, घंगाळ उलटे फिरवले आणि पोच्याची बाजू खोलीकडे करून ठेवली. केतकीने त्यात पाणी घालून दारातल्या कुंडीतल्या जास्वंदीची फुले सोडली.

संध्याकाळी तिघे जेवायला बसले. शेठजींनी वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि ते क्षणभर थबकले. दोघांचेही लक्ष त्यांच्याकडे होते. शेठजी काही न बोलता दुसरा घास घेणार, तोच केतकीनेही भाजी चाखली आणि कपाळावर हात मारला.

"अगंबाई! खारट झालीय. बोलता बोलता मीठ दोनदा पडलं. बाबा, हे मात्र आजचं, नवीन. हे माझ्या नावावर लिहा."

शेठजी खळखळून हसले. किती तरी महिन्यांत निखिलने तो आवाज ऐकला नव्हता. आणि मग म्हाताऱ्याने ती भाजी पुन्हा वाढून घेतली.