जोडटाका

"अव्वा, एक अख्खी वाकळ मी एकटीनं शिवली, तर काय बिघडंल?"

हौसाक्कानं हे विचारलं आणि आम्हा बाकीच्या सातजणींच्या सुया जागच्या जागी थांबल्या.

अव्वा जुन्या लुगड्याची घडी हातानं सारखी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"का ग?"

"सहज."

"सहज कोण काय मागत न्हाई, बाई."

हौसाक्का सुईत दोरा ओवायला लागली.

नीलव्वा म्हणजे आमच्या माळावरच्या मठातल्या अव्वा. वय ऐंशीच्या घरात, डोळे अधू, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. त्यांनी कधी कुणाला उपदेश केल्याचं मला आठवत नाही. रडत आलेल्या बाईच्या हातात त्या सुई द्यायच्या आणि म्हणायच्या, "बस हितं."

मी अशीच बसले होते. शाळेतली नोकरी संपली, पाठोपाठ नवरा गेला, घर खायला उठलं. कुणीतरी म्हणालं, मठात वाकळा-गोधड्या शिवतात, तिथं जा. गेले. पहिल्या आठवड्यात बोटं रक्तबंबाळ झाली आणि दुसऱ्या आठवड्यात मला झोप लागायला लागली. यातलं गणित मला अजून कळलेलं नाही, आणि मी गणिताचीच बाई.

मठाची रीत अशी. गावातून जुनी लुगडी, धोतरं, चादरी गोळा करायच्या, धुवायच्या, थरावर थर घालायचे. एका वाकळेभोवती आठजणींनी बसायचं आणि कडेपासून आत आत शिवत जायचं. मधूनच अव्वा टाळी वाजवायच्या. टाळी वाजली की प्रत्येकीनं उजवीकडं एक जागा सरकायचं आणि शेजारणीचं अर्धं राहिलेलं शिवण पुढं न्यायचं. वाकळ पुरी होईपर्यंत कुठला टाका कुणाचा, ते देवालाही सांगता येऊ नये.

थंडीच्या तोंडावर या वाकळा टेम्पोत भरून जायच्या. ऊसतोडीच्या फडावर, सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर, एसटी स्टँडवर झोपणाऱ्यांकडं.

आणि हौसाक्काला एकटीची वाकळ हवी होती.

तिचा हात आम्हा सगळ्यांत चांगला, यात वाद नाही. तांदळाच्या कणीएवढे टाके, आणि ओळ अशी सरळ की पट्टी लावून बघावं. पण बाई मोठी तिखट. नाकावर माशी बसू द्यायची नाही. चार वर्षं शेजारी बसून तिनं आम्हाला आपल्या घरचं एक अक्षर सांगितलं नव्हतं. नवरा वारलाय आणि एकटी राहते, एवढंच आम्हाला ठाऊक.

"वाकळ कुणाची, ते शिवणारीनं इसरावं, म्हणून ही रीत हाय," अव्वा म्हणाल्या.

"ठावं हाय मला."

"तरी पायजे?"

"तरी पायजे."

अव्वांनी हातातली घडी बाजूला ठेवली.

"शीव," त्या म्हणाल्या.

आम्हाला राग आला. मला तर फारच आला, उगाच खोटं कशाला बोलू. हौसाक्का ओसरीच्या टोकाला एकटी जाऊन बसली आणि आमच्या वाकळेभोवती एक जागा रिकामी राहिली. टाळी वाजली की त्या रिकाम्या जागेपाशी येऊन आमचं सगळं शिवण अडायचं.

"हिची वाकळ दिल्लीला जाणार बक्षिसाला," सुशव्वा म्हणायची.

"सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई," म्हातारी तुळसाक्का पुटपुटायची.

हौसाक्काला हे सगळं ऐकू जायचं. ती खाली मान घालून शिवायची. सकाळी आमच्या आधी यायची, आमच्यानंतर जायची. मध्ये एकदा ताप आला तर तापातही आली.

दीड महिन्यानं वाकळ पुरी झाली.

त्या दुपारी मठाच्या दारात टेम्पो उभा होता. ड्रायव्हर दुंडाप्पा एकेक वाकळ आत रचत होता. हौसाक्कानं आपली वाकळ आणून अव्वांच्या मांडीवर ठेवली. दिसायला काय देखणी होती म्हणून सांगू! हिरव्या इरकलीचा काठ, आत जुनी जांभळी, पिवळी, विटकरी लुगडी. माझा सगळा राग तिथंच निम्मा झाला.

अव्वांनी वाकळेवरून बोटं फिरवली. हळूहळू, एका ओळीवरून. त्यांचे ओठ हलत होते.

"धा," त्या म्हणाल्या. "मग एक जोडटाका. दोन टाकं येकाला येक लागून."

हौसाक्का दचकली.

"पुन्ना धा. मग एक जोडटाका." अव्वांची बोटं पुढं सरकली. "अख्ख्या वाकळंत असंच हाय?"

"व्हय."

"हा जोडटाका चार वरसं माझ्या बोटाला लागतोय. हरेक वाकळंत. कुठं ईतभर, कुठं हातभर. मग टाळी वाजती आन तुटतो. म्हणून येकटीची मागितलीस?"

"...व्हय."

बाहेरून दुंडाप्पानं हाक दिली. "अव्वा, ती मांडीवरची बी टाकायची न्हवं गाडीत?"

"थांब जरा," अव्वा म्हणाल्या. मग हौसाक्काला विचारलं, "ही कुणाला द्यायची?"

"कुणालाबी द्या. ज्याला थंडी वाजती त्याला."

"कुणालाबी?"

"व्हय."

"मग दर वरसाला दुंडाप्पाला का इचारतीस, गाडी नेसरीकडं जाती का म्हणून?"

हौसाक्काचा चेहरा उतरला. तिनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही पटकन वाकळेत डोकी घातली, पण कान तिकडंच होते.

"नेसरीत कोण हाय?" अव्वांनी विचारलं.

"माझी लेक."

चार वर्षांत आम्ही पहिल्यांदा ऐकलं की हिला लेक आहे.

"वंदी नाव तिचं," हौसाक्का म्हणाली. एकदा बोलायला लागली आणि मग तिला थांबता येईना. "ल्हान हुती तवा माझ्या वाकळंबिगर झोपायची न्हाई. जोडटाका बोटानं चाचपायची. धा टाकं मोजायची, मग जोडटाका आला की हसायची. पुन्ना धा. तीन-चार जोडटाक्यांत झोपायची बघा. तिला धापातूर आकडं शाळंत न्हाई शिकवलं कुणी. वाकळंवरच शिकली."

"मग?"

"मग मोठी झाली. जातीबाहेर लगीन केलं. ट्रॅक्टरवरच्या पोराबरबर. सा वरसं झाली."

"आन तू काय केलंस?"

"नवरा-बायकू दोगं पाया पडाय आली हुती. मी उंबऱ्यात हुबी हुते. सगळी गल्ली बघत हुती." हौसाक्कानं पदर तोंडाला लावला, पण शब्द स्पष्ट बोलली. "मी म्हणाले, ह्या दारात पुन्ना पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

माझ्या हातातली सुई खाली पडली. उचलायचं सुचलं नाही.

"मालकांनी न्हाई घातली शप्पत. त्यांनी तर मला आवरलं. मीच घातली. ते गेलं तवाबी ती आली न्हाई. दारातनं तिरडी गेली, पर लेक आली न्हाई. वाटलं, दगडाचं काळीज हाय पोरीचं."

अव्वा ऐकत होत्या. हात वाकळेवर तसाच होता.

"मग ह्या वाकळा कशापायी?"

"एकादी तिच्या हातात पडंल म्हणून. फडावर जाती ती नवऱ्यासंगं. दवाखान्यात जात आसंल. कुठंतरी तिच्या बोटाला जोडटाका लागंल. तिला कळंल, आईचा हाय."

"कळून?"

"...येईल."

"कुठं?"

"घरी."

"कुणाच्या घरी?"

"माझ्या."

"तुझ्या दारात पाय ठेवंल?"

"व्हय."

"आन मग तुझं मेलेलं तोंड बघंल?"

हौसाक्काचा तोंडाला लावलेला पदर खाली आला.

"पोरगी दगडाची न्हाई, हौसाक्का," अव्वा म्हणाल्या. "बाप गेला तरी आली न्हाई. किती रडली आसंल तिची तिला ठावं. पर आली न्हाई. सा वरसं तुला जित्ती ठेवलीया तिनं."

हौसाक्का रडली. आमच्या देखत, मोठ्यानं, लहान मुलासारखी. तुळसाक्का उठून तिच्याजवळ गेली आणि नुसती टेकून बसली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. दीड महिना मी हिला गर्विष्ठ म्हणत होते. तशी ती होतीही. पण गर्वाच्या खाली काय होतं, ते विचारायचं माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं हौसाक्कानं डोळे पुसले.

"मुलगी झालीया म्हणं तिला," ती म्हणाली. "तीन वरसाची आसंल. नाव काय ठेवलंय, त्येबी ठावं न्हाई मला."

"नेसरीत कुठं ऱ्हाती?"

"स्टँडच्या मागं. निळं दार हाय."

"किती लांब?"

"बावीस किलोमीटर."

"बघितलंस दार?"

"एसटीतनं. जाता-येता. दोन डाव."

"उतरली न्हाईस?"

"कशी उतरू, अव्वा? शब्द माझा हुता. चार माणसांत बोलले मी. आजपातूर शब्द मोडला न्हाई कुठला."

ही पुन्हा जुनी हौसाक्का. पाठ ताठ, हनुवटी वर. सुशव्वानं माझ्याकडं बघून डोळे फिरवले.

पण अव्वा म्हणाल्या, "मोडू नगंस."

हौसाक्का त्यांच्याकडं बघतच राहिली.

"शब्द मोडू नगंस. काय म्हणाली हुतीस, ते पुन्ना म्हण."

"ह्या दारात..."

"कुठल्या दारात?"

"...माझ्या."

"निळं दार कुणाचं?"

"तिचं."

"तिच्या दारात तू पाय ठेवायचा न्हाईस, आसं कोण म्हणालं हुतं?"

हौसाक्काच्या तोंडाकडं बघून मला कळलं की हे तिच्या मनात सहा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. दोनशेच्या वर वाकळा गेल्या असतील या मठातून. प्रत्येकीत वीतभर तरी तिचा जोडटाका होता, आणि त्या जगभर फिरत होत्या. हिचं तेवढं एसटीतून उतरायचं राहिलं होतं.

अव्वांनी वाकळेची घडी घातली. एकदा, दोनदा, तीनदा. मग ती हौसाक्काच्या मांडीवर ठेवली.

"दुंडाप्पा," त्यांनी हाक मारली. "जागा हाय का पुढं, बसाय?"

"हाय की. नेसरीवरनंच जातोय आज."

आम्ही सगळ्या हौसाक्काकडं बघत होतो. मला वाटलं, आता ही उठणार. सुशव्वानं तर तिच्या चपला शोधून दारात नीट लावून ठेवल्या.

हौसाक्का उठली नाही.

वाकळ तिनं पोटाशी धरली होती. बोटं काठावरून हलत होती. ती टाके मोजत होती. दहापर्यंत जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एरवी गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणारी बाई, पण आता तिचा आवाज मला शेजारी बसून जेमतेम ऐकू आला.

"अव्वा..."

"काय ग?"

"तिनंच दार लावून घेतलं तर?"

दुंडाप्पानं टेम्पो सुरू केला, आणि त्या आवाजात मला वाटलं की अव्वांनी ऐकलंच नाही. मग त्या पुढं वाकल्या, चाचपत हौसाक्काचा हात शोधला आणि वाकळेवर नीट दाबून ठेवला.

"मग बाहीर बस. थंडी हाय, वाकळ हाय की तुझ्याजवळ."