धोंडाबाईचं अर्धं गाणं

आगगाडी अजून घाट चढायला शिकली नव्हती, तेव्हाची ही हकिकत. आपलं कारवीमाळ तेव्हा गाव नव्हतंच. डोंगराच्या पायथ्याशी दगड फोडणाऱ्यांच्या झोपड्या, चार कुत्री आणि एक पाण्याचं डबकं, एवढाच पसारा. बसा नीट सगळे. मागं कुजबुज चाललीय ती आधी बंद करा, मी दोनदा सांगणार नाही.

त्या झोपड्यांत धोंडाबाई राहायची. आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हिचं नाव धोंडा ठेवलं, यमाची नजर लागू नये म्हणून. यमानं हिला सोडलं खरं, पण हिच्या भोवतालचं कुणी सोडलं नाही. आईबाप पटकीत गेले. पुढं तिप्पाशी लग्न झालं. तिप्पा आगगाडीचा बोगदा खोदायला इथं आला, आणि वर्षाच्या आत दरडीखाली गेला. अंगसुद्धा सापडलं नाही हो त्याचं.

बाईनं टाहो फोडला नाही. बोगद्याच्या तोंडाशी बसली आणि गायला लागली. असं म्हणतात, की ते पहिलं गाणं ऐकून आतल्या माणसांच्या सुतक्या, म्हणजे दगड फोडायचे घण, आपोआप तिच्या ठेक्यावर पडायला लागल्या.

मग रोजचंच झालं. सकाळी माणसं आत जायची, बाई तोंडाशी बसून गायची. कुणाची म्हातारी गावाकडं एकटी, कुणाची बायको माहेरून परतेना, कुणाच्या फुफ्फुसात दगडाची धूळ भरलेली. ज्याचं जे दुःख असेल ते त्यानं भाकरी खाताना तिच्या कानात सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते गाणं होऊन यायचं. ऐकणारा रडायचा, आणि हलका व्हायचा. हसऱ्या गाण्याच्या वाटेला ती जात नसे. कुणी म्हणालं, ‘बाई, एखादं लग्नाचं म्हण की,’ तर म्हणायची, ‘म्हणते, पण नवरीसकट सगळे रडाल, मग मला बोल लावू नका.’ दहा कोसांवरून लोक ऐकायला यायचे. दुसऱ्या घाटाचे ठेकेदार तिला पळवायला टपलेले असायचे.

तिचा आवाज दगडातून जायचा, असं म्हणतात. जात असणारच, कारण त्या आवाजावर माणसांचे जीव टांगलेले होते. कसे ते सांगते.

डोंगराच्या माथ्यावरून एक उभी विहीर खाली बोगद्यापर्यंत खोदत होते. विहिरीत सुरुंग उडाला की खाली बोगद्याचं छत हलायचं. म्हणून वर वात पेटवायच्या आधी खालच्यांनी बाहेर पडायचं. पण आत कळवणार कसं? घंटा वाजवून पाहिली, शिंग फुंकून पाहिलं. सुतक्यांच्या दणक्यात काही ऐकू जाईना. बाईचं गाणं तेवढं जायचं. तेव्हा असं ठरलं, की वरून इशारा आला की तोंडाशी उभ्या असलेल्या नागूनं लाल फडकं उंच करायचं, आणि फडकं दिसलं की बाईनं गाणं तोडायचं. गाणं थांबलं, ठेका चुकला, की आतल्यांनी हातातलं टाकून पळत सुटायचं. तीन वर्षं असं चाललं, एकाच्या नखाला धक्का लागला नाही.

हा नागू म्हणजे तिप्पाचा धाकटा भाऊ, बाईचा दीर. आणि माझ्या बापाचा आजा. आता लपवून काय उपयोग?

त्या लोकांत एक रीत होती. मेलेल्याचं नाव घेऊन बाई गायला लागली, की गाणं पुरं होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. गाणं मध्येच तुटलं तर मेलेला वाटेतच अडकतो, धड इकडचा नाही न् धड तिकडचा नाही. म्हणून कामाच्या वेळी धोंडाबाई मेलेल्यांचं कधी गात नसे. पण तिप्पाच्या तिथीला आतल्या गड्यांनीच गळ घातली. ‘वैनी, आज तिप्पाचं म्हण. आमचाही जोडीदार होता तो.’ तिला तेच हवं होतं. तिनं डोळे मिटले.

‘डोंगरा रे बाबा, तुझं पोट तरी केवढं,
माझा धनी गिळलास, तरी भागंना का एवढं?’

आणि वरून इशारा आला. नागूनं फडकं उंच केलं. बाईचे डोळे मिटलेले. तो पुढं गेला, तिच्या तोंडासमोर फडकं हलवलं. ती गातेय आपली. हात लावावा, तर भाऊ वाटेत अडकतो. नागूला वाटलं, ही ओवी संपली की उघडेल डोळे. ती संपली, तिनं दुसरी धरली. हात पुढं केला त्यानं, अगदी वीतभर अंतर राहिलं होतं. तेवढ्यात सुरुंग उडाला.

सात माणसं गेली. त्यात सायव्वा म्हातारीचा यल्लू, मिसरूड न फुटलेला, एकुलता एक.

‘हात का नाही लावलास?’ बाईनं विचारलं.

‘वैनी, भाऊ होता माझा,’ नागू म्हणाला.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. ती झोपडीत भिंतीकडं तोंड करून पडली. असं म्हणतात, की तेवढे दिवस डोंगरात पाखरूसुद्धा बोललं नाही. पाखरांचं मला माहीत नाही. पण मेलेल्यांपैकी सहा घरच्या बायका तिच्या दारावरून जाताना थुंकायच्या, हे माझ्या आजीनं सांगितलेलं आहे.

इकडं ठेकेदाराची घाई. आणि गडी अडून बसले, बाईच्या गाण्याशिवाय आत पाय ठेवणार नाही. बाई म्हणे, ‘मी तोंड उघडलं की माणूस मरतं. मला मागू नका.’

शेवटी सायव्वा आली. थुंकली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पुढ्यात बसून म्हणाली, ‘तुझ्या नवऱ्याचं गायलीस. माझ्या पोराचं कोण गाणार? तो उंबऱ्याशी घुटमळतोय गं. त्याला वाटेला लावून दे.’

‘आणि पुन्हा डोळे मिटले तर?’

‘मी बसते शेजारी. माझा हात आधीपासूनच राहील तुझ्या खांद्यावर. दाबला की थांब.’

तसं ठरलं. गडी कामाला गेले. सात दिवस, सात गाणी, मेलेल्या एकेकाच्या नावाचं एक. असं म्हणतात, की ऐन उन्हाळ्यात बोगद्याच्या कोरड्या दगडातून पाणी ठिबकायला लागलं, आणि चाखलं तर ते खारट लागायचं. सहा दिवसांत सहा गाणी पुरी झाली. थुंकणाऱ्या बायका येऊन बाईच्या पायाशी बसल्या.

सातवा दिवस यल्लूचा. त्याचं खोटं खोटं रुसणं, जवारीच्या कण्या आवडणं, अंधाराला भिणं, सगळं त्यात होतं. अर्धं गाणं झालं आणि वरून इशारा आला. नागूनं फडकं उंच केलं. बाईचे डोळे मिटलेले. सायव्वानं मात्र फडकं पाहिलं.

आत अडतीस माणसं होती. सगळी परक्यांची पोरं. आणि गाण्यात तिचा स्वतःचा यल्लू, अर्ध्या वाटेवर. नागूला जमलं नव्हतं ते, आणि तो तर भाऊ होता, ही आई.

तिनं खांदा दाबला. गाणं तुटलं.

अडतीसच्या अडतीस बाहेर आले, आणि मागं सगळं छत बसलं.

धूळ खाली बसल्यावर धोंडाबाईनं गाणं पुरं करायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. दुसऱ्या दिवशीही तेच. महिन्यानंही तेच. तो आवाज पुन्हा आला नाही. सायव्वा एवढंच म्हणाली, ‘राहू दे, बाई.’ मग दोघी एकाच झोपडीत राहिल्या. यल्लू वाटेत अडकलाय, त्याला भूक लागत असेल, म्हणून रोज धोंडाबाई भाकरी थापायची आणि सायव्वा ती बोगद्याच्या तोंडाशी ठेवून यायची. असं अकरा वर्षं. मग एका आठवड्यात दोघीही गेल्या.

तेव्हापासून कारवीमाळात कुठलंच गाणं सलग म्हणत नाहीत. भजन असो, हळद असो, मध्येच कुणीतरी उठतं आणि गाणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतं. गाणं थांबतं. सगळे आपापली माणसं कुठं आहेत ते बघतात. मग हात निघतो आणि गाणं पुढं जातं. शहरातला एक मोठा गवई या रिवाजावर चिडून पेटी मिटून निघून गेला होता. जाईना का!

हात ठेवायचा मान ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं, त्या घराचा. यंदा तो माझ्याकडं होता. माझ्या थोरल्या लेकाच्या नावाचं गाणं चाललं होतं. पोरी इतकं छान म्हणत होत्या, आणि गाणं चालू होतं तोवर तो मला समोर बसलेला दिसत होता. लई वेळ माझा हात उचलेना. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मग उठले आणि ठेवला हात. पोरी थांबल्या. मी वळून तुम्हा सगळ्यांना एकेक करून मोजलं.