पटावर बाई कुठे आहे?

“अहो, भाऊसाहेब मुलींची ती बुद्धिबळाच्या कोड्यांची स्पर्धा बंद करणार म्हणे, कारण…” जिन्यात एवढंच ऐकू आलं आणि कुणाच्या तरी कुकरने शिट्टी दिली. अर्धी बातमी मालनकाकूंना पचत नसे. त्यात शेजारची ऋजुता त्याच स्पर्धेला बसलेली. काकूंनी चपला घातल्या आणि स्पर्धा चालू होती ते मंगल कार्यालय तडक गाठलं.

कार्यालय भाऊसाहेबांचं, म्हणून भाषणही त्यांचंच. मुली कोडी सोडवून निकालाची वाट बघत होत्या.

“पटावर राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे, उंट, प्यादी आहेत,” भाऊसाहेब म्हणाले. “यात बाई कुठे आहे? एकीने तरी दाखवावी. नाहीतर पुढच्या वर्षी ही जागा रांगोळी स्पर्धेला देऊ.”

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. ऋजुता उठली, तशी काकूंनी पदराची गाठ आवळली.

“पटावर बाई नाहीच, काका. तिथले सगळे दुसऱ्याने हलवल्याशिवाय हलत नाहीत, अगदी राजासुद्धा. बाई इकडे खुर्चीवर बसते आणि त्यांना हलवते.”

कार्यालय हसलं. पहिल्या रांगेतून भाऊसाहेबांच्या सौ. म्हणाल्या, “ऐकलंत ना? आता पुढच्या वर्षीही जागा देतो म्हणा आणि खाली बसा.”

भाऊसाहेब ‘देतो’ म्हणाले आणि बसले.

काकू परतल्या त्या मान ताठ करून, जणू पोर त्यांचीच. जिन्यात बायका थांबल्याच होत्या. “काय हो, झालं का बंद?”

“झालं की,” काकू म्हणाल्या. “पण स्पर्धा नव्हे, भाऊसाहेबांचं भाषण.”