शेपटीकडचे पट्टे

पूर्वी कुसुमावती नगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका विषवैद्याच्या घरी जन्मले होते. नगराबाहेर विणकरांची वस्ती होती. तिथे कवड्या सापाला कुणी हाकलीत नसे. पाली सुतावर घाण करतात आणि बिनविषारी कवड्या पाली खातो, एवढे विणकरांना पुरे होते. शिवाय घरातले माणूस गेले, की ते वर्षाच्या आत कवड्या होऊन एकदा घर बघून जाते, असा तिथला समज होता.

त्या वस्तीत उत्पला नावाची विणकरीण राहत असे. तिचा नवरा सुदंत नदीच्या पुरात वाहून गेला होता. आडवे सूत ओवायचा त्याचा धोटा मागावर अडकला होता तसाच तिने ठेवला होता. कुणी दार लोटले की तिची मान आपोआप वळे, आणि मग ती स्वतःवरच चिडे. एके दिवशी दिवेलागणीला, विणताना पाय सोडायच्या मागाखालच्या खड्ड्यातून पांढऱ्या पट्ट्यांचा काळा साप बाहेर आला. त्या दिवसापासून उत्पला खाट सोडून खड्ड्याशेजारी जमिनीवर निजू लागली. सासूचा जीव थाऱ्यावर राहीना. ती विषवैद्य झालेल्या बोधिसत्त्वांना घेऊन आली.

बोधिसत्त्वांनी साप निरखून पाहिला. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. या सापाची मान कोरी काळी होती, आणि शेपटीकडचे पट्टे जोडीजोडीने ठळक होते. तो मण्यार होता. तो निजलेल्या माणसाला चावतो आणि माणसाला कळतही नाही.

"मुली, हा तुझा सुदंत नव्हे," ते म्हणाले. मग त्यांची नजर मागावरच्या पट्टेदार कापडाकडे गेली. "पण जन्मभर पट्टे विणणारीची नजर पट्ट्यांत चुकेल कशी?"

उत्पलेने मागावरच्या धोट्याला हात लावला.

"पहिल्याच दिवशी ओळखला मी," ती म्हणाली. "ते येईनात, तर मीच जाते म्हटलं."

साप धरून नेणे बोधिसत्त्वांना अवघड नव्हते. पण खड्डा रिकामा झाला तरी तिची ओढ तशीच राहणार, आणि रानात मण्यारांना काय तोटा. त्यांनी अंगावरचे उपरणे खड्ड्याच्या काठावर अंथरले आणि ते तिथेच आडवे झाले.

"वैद्यराज, उठा. चावेल तो."

"तुला चाललं असतं, मग मला का नको?"

"माझं निराळं. तुमची घरी कुणीतरी वाट बघत असेल."

बोलता बोलता तिची नजर सासूकडे गेली. म्हातारीच्या हातात काठी होती आणि डोळे जागरणाने तांबारले होते. ती रोज आपल्या उशाशी बसून असते, हे उत्पलेच्या आत्ता ध्यानात आले. तिने उठून मडके आणले.

"धरा त्याला," ती म्हणाली. "पण मारू नका."

बोधिसत्त्वांनी मण्याराला रानात सोडले. सुदंताची आठवण काही गेली नाही. दार वाजले की उत्पलेची मान तशीच वळे. पण ती पुन्हा खाटेवर निजू लागली, आणि शेजारी सासूला झोप लागू लागली.

मृत पतीच्या ध्यासाने अन्न टाकलेल्या एका भिक्षुणीला पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "ती उत्पला म्हणजे तू. सासू म्हणजे तुझ्यासाठी अन्नाचे पात्र झाकून बसलेली ही वृद्ध भिक्षुणी. कालपासून तीही जेवलेली नाही. आणि विषवैद्य मी होतो."

भिक्षुणीने पात्रावरचे झाकण काढले आणि पहिला घास म्हातारीला दिला. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी जी पाळली, ती मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीभावाची पूर्णता, होय.